हार्ड डिस्क उडण्याआधी

हॉस्टेलच्या खोलीतली सगळ्यात महाग वस्तू कोणती असं विचारलं तर बहुतेक जण लॅपटॉपकडे बोट दाखवतील. पण जरा विचार करा. लॅपटॉप बिघडला किंवा चोरीला गेला तर घरच्यांची बोलणी खाऊन का होईना, दुसरा आणता येतो. त्याच्या आतला फायनल इयरच्या प्रोजेक्टचा कोड, लॅबमध्ये महिनोन् महिने बसून घेतलेली रीडिंग्ज, आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो, हे मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. आणि हे सगळं ज्या एका डबीत भरलेलं असतं, तिच्या तब्येतीची चौकशी आपण वर्षानुवर्षे करत नाही.

गाडीचं सर्व्हिसिंग आपण करतो, सायकलला तेल घालतो, पण हार्ड डिस्क मात्र 'चालते आहे ना, मग झालं!' या तत्त्वावर चालवतो. मग सबमिशनच्या आठवड्यात कुणाची तरी डिस्क उडते आणि विंगभर धावपळ सुरू होते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार. तो टाळायचा कसा, डिस्क आजारी पडते आहे हे आधी ओळखता येतं का, आणि ओळखता आलं नाही तर काय, याचा विचार या लेखात करू.

डबीच्या आत काय चालतं?

आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिचं नाव ३५० रॅमॅक. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, कपाटाएवढा आकार, आणि क्षमता किती? आजच्या हिशोबाने चार एमबीसुद्धा नाही! आपल्या मोबाइलमधला एखादा फोटोदेखील त्यात मावणार नाही. आज तळहातावर बसणाऱ्या डिस्कमध्ये कित्येक टेराबाइट मावतात, पण मूळ कल्पना तीच आहे. फिरणारी चुंबकीय तबकडी आणि तिच्यावर तरंगणारं वाचन-लेखनाचं हेड.

इथे थोडं गणित करू. डेस्कटॉपमधली साडेतीन इंची डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीच्या कडेचा घेर साधारण २९ सेंटीमीटर धरला तर कडेचा वेग येतो सेकंदाला जवळपास ३५ मीटर, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर. एक्स्प्रेसवेवरच्या शिवनेरीलाही मागे टाकेल असा! आणि या वेगाने पळणाऱ्या पृष्ठभागावर हेड किती उंचीवरून तरंगतं? मोजक्या काही नॅनोमीटरवरून. माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ७०-८० हजार नॅनोमीटर असते. म्हणजे डिस्कच्या दृष्टीने धुळीचा एक कण हा वाटेतला डोंगरच. हेड तबकडीला घासलं की त्याला हेड क्रॅश म्हणतात, आणि घासलेल्या जागेवरचा डेटा अक्षरशः खरवडून निघतो. म्हणूनच चालू डिस्कला धक्का देऊ नये आणि डिस्क घरी उघडून बघू नये.

वीज अचानक गेली तर हेड तबकडीवर आपटत असेल का? याची सोय डिझाइन करणाऱ्यांनी केली आहे. वीज गेली तरी तबकडी जडत्वाने फिरत राहते. तेव्हा तिची मोटर जनरेटरसारखं काम करते आणि त्या विजेवर हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवलं जातं. दुसऱ्या वर्षाला मशीन्समध्ये बॅक ईएमएफ शिकताना 'याचा उपयोग काय' असं ज्यांना वाटलं असेल, त्यांनी नोंद घ्यावी! मात्र हेड वाचलं तरी त्या क्षणी अर्धवट लिहिली गेलेली फाइल वाचेलच असं नाही. त्यामुळे डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

'स्मार्ट' म्हणजे डिस्कची केस पेपर

डिस्क बिघडण्याचे दोन प्रकार. एक हळूहळू होणारा: पृष्ठभाग झिजणं, बेअरिंग सैल होणं, हेड कमजोर होणं. दुसरा एकदम होणारा: सर्किट जळणं, लॅपटॉप खाली पडणं. दुसऱ्याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. पहिल्याचा मात्र काही प्रमाणात येतो, आणि त्यासाठीच 'स्मार्ट' नावाची यंत्रणा आहे. पूर्ण नाव सेल्फ-मॉनिटरिंग, ॲनालिसिस अँड रिपोर्टिंग टेक्नॉलॉजी. आयबीएमने १९९२ साली आपल्या डिस्कमध्ये अशी व्यवस्था आणली, पुढे कॉम्पॅकने डिस्क उत्पादकांना बरोबर घेऊन १९९५ च्या सुमारास स्वतःची पद्धत तयार केली, आणि त्यातून सगळ्यांसाठी एक समान पद्धत उभी राहिली.

डिस्क स्वतःबद्दल सतत नोंदी ठेवत असते. किती तास चालली, तापमान किती, किती वेळा वाचताना अडखळली, वगैरे. हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या पलंगाला लावलेला तक्ता असतो ना, तसंच. फरक एवढाच की हा तक्ता बघायला कुणी डॉक्टर राउंडला येत नाही. तो आपणच उघडून बघावा लागतो.

उघडायचा कसा? विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवाल्यांसाठी 'स्मार्टमॉनटूल्स' हे पॅकेज, आणि ज्यांना कमांड नको त्यांच्यासाठी गनोमचं 'डिस्क्स'. पाच मिनिटांचं काम. पण उघडल्यावर समोर वीस-पंचवीस ओळींचा तक्ता येतो आणि बहुतेकांची विकेट तिथेच पडते. घाबरू नका, सुरुवातीला पाचच ओळी बघायच्या आहेत. प्रत्येकीला क्रमांक असतो. काही प्रोग्राम तो सोळा-आधारी पद्धतीने दाखवतात, तेवढं रूपांतर तुम्हाला येतंच.

क्रमांक ५, रीअलोकेटेड सेक्टर काउंट: डिस्ककडे राखीव सेक्टर असतात. एखादा सेक्टर खराब झाला की त्याचं काम राखीव सेक्टरकडे दिलं जातं. अशा बदल्या किती झाल्या, त्याचा हा आकडा.

क्रमांक १९७, करंट पेंडिंग सेक्टर काउंट: जे सेक्टर वाचताना अडचण आली पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, ते. एटीकेटी लागलेली मुलं म्हणा! पुढच्या वेळी तिथे नीट लिहिता आलं तर सुटले, नाही तर त्यांची रवानगी क्रमांक ५ मध्ये.

क्रमांक १९८, ऑफलाइन अनकरेक्टेबल: डिस्कने रिकाम्या वेळात स्वतःची तपासणी केली तेव्हा जे सेक्टर दुरुस्त करता आलेच नाहीत, ते.

क्रमांक १८७, रिपोर्टेड अनकरेक्टेबल एरर्स: दुरुस्ती कोड वापरूनही जे वाचन जमलं नाही आणि तसं डिस्कने कॉम्प्युटरला कळवलं, त्याची मोजणी.

क्रमांक १८८, कमांड टाइमआउट: दिलेलं काम वेळेत झालं नाही, असं किती वेळा घडलं. इथे कधीकधी सैल केबल किंवा कमजोर पॉवर सप्लायही दोषी असतो.

सगळ्याच डिस्क या पाचही नोंदी ठेवत नाहीत. ज्या ठेवतात, तिथे 'रॉ' रकान्यातला आकडा शून्य असावा. बाकी ओळींपैकी क्रमांक १९९ म्हणजे सीआरसी एरर. हा वाढत असेल तर डिस्क नव्हे, बहुधा केबल बदलायची. आणि क्रमांक १, म्हणजे रॉ रीड एरर रेट, सीगेटच्या डिस्कमध्ये अवाढव्य दिसतो. त्या कंपनीची आकडा साठवायची पद्धतच वेगळी आहे. तो बघून पोटात गोळा आणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तक्त्याच्या वर मोठ्या अक्षरात 'पास' किंवा 'गुड' लिहिलेलं असतं. 'स्मार्ट'चा स्वतःचा 'पास' हा शेरा फक्त इतकंच सांगतो की उत्पादकाने ठरवलेली धोक्याची रेषा अजून ओलांडली गेलेली नाही. आणि ही रेषा फार सैल असते. काठावर पास झालेला विद्यार्थी आणि डिस्टिंक्शनवाला, दोघांच्याही निकालावर 'पास' असंच लिहिलेलं असतं! त्यामुळे शेरा नव्हे, मार्क बघा. आणि एका दिवसाचे नव्हे, दर महिन्याचे. आकडा ८ वर येऊन वर्षभर तिथेच थांबला असेल तर डिस्क कदाचित अजून बरीच चालेल. पण गेल्या महिन्यात ८, परवा २४ आणि आज ६०, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी बॅकअप घ्या.

तक्त्यावर किती विश्वास ठेवायचा?

इंजिनिअरने यंत्राचा आकडा वाचावा, पण त्या यंत्राची मर्यादाही ओळखावी. सुदैवाने या विषयावर भरपूर मोजमाप झालं आहे.

गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला एरर सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बिघडण्याची शक्यता, एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचं त्यात आढळलं. म्हणजे लक्षणाला अर्थ आहे. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही निघाली. बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्के, डिस्कमध्ये चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दिसलं नव्हतं! बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी स्वतःच्या डेटा सेंटरमधल्या डिस्कचे आकडे नियमित जाहीर करते. वरच्या पाच ओळींवर त्यांचीच भिस्त आहे. त्यांनी २०१६ साली सांगितलं की बिघडलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्के डिस्कमध्ये या पाचांपैकी निदान एक आकडा शून्याच्या वर होता, आणि व्यवस्थित चालणाऱ्यांपैकी फक्त ४.२ टक्के डिस्कमध्ये.

याचा अर्थ कसा लावायचा? ढोबळ हिशोब करू. समजा १००० डिस्क आहेत आणि वर्षात त्यातल्या २० बिघडणार आहेत. या २० पैकी साधारण १५ आधी लक्षण दाखवतील. उरलेल्या ९८० चांगल्या डिस्कपैकी ४१ उगीचच लक्षण दाखवतील. म्हणजे लक्षण दिसलेल्या ५६ पैकी १५ खरोखर जाणार, चारातली एक! आणि लक्षण न दिसलेल्या ९४४ पैकी ५ जाणार. थोडक्यात, लक्षण दिसलं तर धोका खूपच मोठा. पण लक्षण नाही म्हणजे धोका नाही, असं मुळीच नाही. त्या पाच जणांना कुणीही आधी सांगितलेलं नसणार.

डिस्कच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात काही वेळा 'एमटीबीएफ १० लाख तास' असं छापलेलं असतं. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं. डिस्क ११४ वर्षं चालेल असा याचा अर्थ नाही. वर्षाचे ८७६० तास भागिले १० लाख, म्हणजे वर्षाला शंभरात एकाहून थोड्या कमी डिस्क बिघडतील, एवढाच. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अभ्यासाने २००७ सालीच दाखवलं की प्रत्यक्षात बदलाव्या लागणाऱ्या डिस्कचं प्रमाण याहून जास्त असतं, सहसा २ ते ४ टक्के, आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. २ टक्के धरले तरी ३०० मुलांच्या हॉस्टेलमध्ये वर्षाला सहा जणांची डिस्क जाणार. ते सहा जण कोण, एवढंच काय ते आपल्याला माहीत नाही.

'माझ्याकडे एसएसडी आहे!'

आजकाल बऱ्याच लॅपटॉपमध्ये फिरणारी डिस्क नसून एसएसडी असते. धक्क्याची भीती कमी, वेग जास्त, सगळं खरं. एसएसडीतल्या पेशी लिहून लिहून झिजतात, पण त्याची धास्ती नको. ५०० जीबीच्या अनेक एसएसडींना ३०० टेराबाइट लेखनाची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी हिशोबाने ४० वर्षं लागतील. तोवर आपले रिटायरमेंटचे दिवस येतील!

खरी अडचण वेगळी आहे. फिरणारी डिस्क जाताना निदान कुरकुरते, खटखट आवाज करते, फाइल उघडायला वेळ लावते. एसएसडीचा कंट्रोलर गेला तर काल चालणारा लॅपटॉप आज सकाळी डिस्कच ओळखत नाही. शिवाय एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते. फाइल डिलीट केली की ती जागा आतून मोकळी केली जाते, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरने ती परत मिळण्याची आशा फार थोडी. एनव्हीएमई एसएसडीचा तक्ता बघताना 'परसेंटेज यूज्ड', 'अव्हेलेबल स्पेअर' आणि 'मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स' या ओळी पाहा. शेवटची शून्य हवी.

मग उपाय काय? दुसरी प्रत!

वरच्या सगळ्या हिशोबाचं सार एकच. देखरेख ही सोय आहे, संरक्षण नव्हे. संरक्षण म्हणजे बॅकअप. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. महत्त्वाच्या फाइलच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ दुसऱ्या ठिकाणी.

दुसरं ठिकाण कशाला? इथे प्रॉबॅबिलिटीचा पेपर आठवा. दोन डिस्कची वर्षभरात बिघडण्याची शक्यता प्रत्येकी २ टक्के असेल तर दोन्ही बिघडण्याची शक्यता ०.०४ टक्के, पण त्या घटना स्वतंत्र असतील तरच! लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच सॅकमध्ये असेल तर सॅक चोरीला गेल्यावर दोन्ही एकदम जाणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यात शिरणारं पाणी मूळ प्रत कोणती आणि बॅकअप कोणता हे विचारत नाही. म्हणून एक प्रत गावी घरी, किंवा क्लाउडवर.

काही गैरसमजही दूर करायला हवेत. क्लाउडवरचा सिंक फोल्डर म्हणजे पूर्ण बॅकअप नव्हे. इथे फाइल डिलीट केली की तीही सिंक होऊन तिथून जाते. कचरापेटीत किंवा जुन्या आवृत्तीत ती काही दिवस मिळते, पण कायम नाही. डिपार्टमेंटच्या सर्व्हरवरचं रेड म्हणजेही बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर रेड काम चालू ठेवेल, पण चुकून पुसलेली फाइल ते सगळ्या डिस्कवर तितक्याच इमानदारीने पुसेल. आणि २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्रायसारखा व्हायरस आला तर कायम जोडून ठेवलेली बॅकअप डिस्कही सुटत नाही. काम झालं की ती काढून ठेवा.

आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं का? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. जवळपास ३०० जीबी! बॅकअपच्या एक नाही, पाच व्यवस्था होत्या. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा एकही नीट चालत नव्हती. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने कधीपासून फेल होत होता, आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. त्याच इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी सहज घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं काम लोकांना थेट दाखवलं. धडा असा की जो बॅकअप परत उघडून पाहिलेला नाही, तो बॅकअप नसून नुसती श्रद्धा आहे.

आजारी डिस्क हाती आली तर

समजा लक्षणं दिसलीच, तर क्रम लक्षात ठेवा. आधी सगळ्यात महत्त्वाच्या फाइल कॉपी करा, सिनेमे नंतर. स्कॅनडिस्क, डीफ्रॅग, फॉरमॅट असले प्रयोग करू नका. कमजोर हेडला जास्तीचं काम देणं म्हणजे तापात धावायला लावणं. डिस्क चालू आहे पण वाचताना अडकते, अशा वेळी लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' उपयोगी पडतं. ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलून घेतं आणि हट्टी सेक्टर शेवटी ठेवतं. खटखट आवाज येत असेल तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. तो ऐकू नका, थंड तबकडीवर हवेतलं बाष्प जमतं. डेटा फारच मोलाचा असेल तर स्वच्छ खोलीची सोय असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे न्या. तो खर्च मात्र नव्या डिस्कच्या कितीतरी पट असू शकतो.

स्टाफसाठीही दोन शब्द. प्रॅक्टिकलचे मार्क, स्कॉलरशिपच्या याद्या, पीएचडीच्या विद्यार्थ्यांचा डेटा, हे अनेकदा केबिनमधल्या एकाच जुन्या पीसीवर असतं. तो पीसी किती तास चालला आहे हे क्रमांक ९ च्या ओळीत दिसतं, एकदा जरूर पाहावं. त्या डिस्कवर नुसता डेटा नसतो, कुणाचं तरी वर्ष असतं.

शेवटी, रोज लक्षात राहणार नाही म्हणून सोपं वेळापत्रक देतो. कोड रोज गिटवर पुश करायचा. रिपोर्ट आणि रीडिंग्ज रोज रात्री क्लाउडवर. रविवारी मेसला फीस्ट असते, ती झाली की एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी आणि डिस्क काढून कपाटात. महिन्याच्या एक तारखेला 'स्मार्ट'च्या पाच ओळी वहीत लिहून ठेवायच्या. सेमिस्टरमध्ये एकदा बॅकअपमधली एखादी फाइल मित्राच्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. लॅपटॉपला बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवायची, नाही तर डिस्क शाबूत आणि किल्ली हरवली अशी गत व्हायची. आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा एक प्रत आईच्या कपाटात. तिथून आजवर काही हरवल्याचं ऐकिवात नाही!